हवा काढायला दोघं लागतात

वासूभाऊ,

तुम्ही गेल्याच्या आठव्या दिवशी मी अंगणात एकटीच माझ्या मोटरसायकलच्या समोरच्या ब्रेकची हवा काढायला बसले. ब्रेकच्या नळीत हवा शिरून मूठ मऊ पडली होती, दाबली की थेट हँडलला टेकत होती. चाकाजवळच्या कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं, पाना अडकवला. सगळं तुम्ही शिकवलं तसं. मग एका हाताने वरची मूठ दाबून धरली आणि दुसरा हात खाली पान्याकडे नेला. हात पोचला, जोर पोचेना. जोरासाठी वाकावं तर मूठ सैल व्हायची, मूठ आवळून धरावी तर पाना निसटायचा. शेवटी मूठ सुतळीने हँडलला बांधली आणि खाली बसून निप्पल उघडलं. चार बुडबुडे बाहेर आले. मला लहान मुलीसारखा आनंद झाला. निप्पल बंद करायच्या आत सुतळी सरकली, आणि आलेले बुडबुडे नळीतून उलटे वर गेले.

मी तिथेच फरशीवर बसून राहिले. सहा वर्षांत हे काम तुमच्यासोबत कितीतरी वेळा केलं, पण हे एकट्याचं काम नाही हे मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या गॅरेजमध्ये कामाला माणूस नव्हता. अमरावतीच्या बडनेरा रोडला कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर, आणि छपराखाली तुम्ही. मूठ दाबायची वेळ आली की ज्याची गाडी तोच दाबायला बसायचा. मग तो प्राध्यापक असो की हवालदार. "गाडी तुही, ब्रेक तुहा, मंग हात कोनाचा लागन?" मी पहिल्यांदा आले तेव्हा बाजूला उभी राहून फोन बघत होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काहून वं, पाव्हनी आली का? बस गाडीवर."

मी बसले.

"मार."

"काय मारू?"

"मूठ मार. तीनदा. मंग दाबून धर. धरली की 'धरलं' म्हन. मी 'सोड' म्हनीन तवाच सोडजो. आधी सोडली तं सारी हवा अंदर."

दुसऱ्याच फेरीला मी आधी सोडली. तुम्ही नळीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"कॉलेजात शिकते का?"

"हो."

"वाटलंच."

तुमचा जन्म, घराणं, शिक्षण हे मी इथे लिहिणार नाही. भातकुलीहून गॅरेजला येताना रस्त्यातच छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात, एवढं पुरे. मी हे लिहिते आहे ते एका खोट्यासाठी. ते माझं आहे आणि त्याला दोन वर्षं झाली. तुम्हाला ते ठाऊक होतं हे मला ठाऊक होतं, आणि तरी आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. तुम्ही होतात तोवर ते खोटं दोघांचं होतं. आता ते माझ्या एकटीजवळ आहे, आणि एकटीला ते पेलत नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, हे तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचात. बाबांचा छोटा छापखाना आहे. संप, मोर्चा, फी-वाढ, पाण्याचा प्रश्न, शहरात कोणी कशावर चिडलं की त्याचं पत्रक आमच्याकडे छापलं जायचं, निम्मं फुकट. मला आठवणारा पहिला जोडाक्षराचा शब्द 'धिक्कार' आहे. दहाव्या वर्षी मी प्रूफं वाचायचे आणि विसाव्या वर्षी स्वतःची पत्रकं लिहायचे. अन्याय दिसला की नाव घेऊन बोलायचं, मोठ्या टायपात बोलायचं, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की भीड पडते. हा आमच्या घरचा नियम.

तुम्ही माझं प्रत्येक पत्रक वाचायचात, आणि वाचून झालं की खाली अंथरायचात. कॅलिपर खोललं की एकेक भाग काढल्या क्रमाने माझ्या पत्रकावर मांडायचा, बोल्ट, पिन, पॅड, पिस्टन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भडकले होते. सफाई कामगारांच्या मागण्यांवर तुम्ही गंजका बोल्ट ठेवला होता.

"हे वाचायला असतं, भाऊ."

"वाचलं ना. आता कामी बी येऊन राह्यलं. तुह्या बापाचा कागद चांगला हाय, शाई सुटत नाई."

त्याच दिवशी तुम्ही मला अडकलेला पिस्टन सोडवायला शिकवलंत. कॅलिपरमध्ये दोन पिस्टन होते, एक सहज सरकत होता, दुसरा गंजून घट्ट बसलेला. मूठ मारली की मोकळा तेवढा पुढे येई आणि अडकलेला जागचा हलत नसे. मी पक्कड उचलली तशी तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत.

"वढू नको त्याले. चरा पडला तं जनमभर गळन."

मग तुम्ही मोकळ्या पिस्टनसमोर लाकडाची पाचर ठोकून बसवलीत. त्याचा रस्ता बंद झाला. आता मूठ मारली की सगळा दाब अडकलेल्याकडे. मी मारत राहिले, तुम्ही बोटाने पिस्टनचा काठ चाचपत राहिलात. बऱ्याच वेळाने तो केसभर हलला. तुम्ही बोललात तेव्हा आवाज खाली आला होता, "आला. सावकाश. घाई नको करू त्याले." मला त्यात लगेच पत्रक दिसलं. मी म्हणाले, "म्हणजे समाजात जो मोकळा आहे त्याला थोडा वेळ थांबवलं, तरच अडकलेल्याला—"

"पोरी," तुम्ही म्हणालात, "पिस्टनले जात नसते, पार्टी नसते. गंज असते. पॉलिश पेपर दे."

पिस्टनभोवतीच्या रबरी सीलच्या खाचेत साचलेला पांढरा थर तुम्ही कधी स्क्रू ड्रायव्हरने काढला नाहीत. त्यासाठी भातकुलीच्या घरून तुरीच्या वाळल्या काड्या आणायचात, ब्लेडने टोक काढायचात. तुराटी मऊ असते, लोखंडाला ओरखडा देत नाही. तिथे शेती करणाऱ्या तुमच्या भावांच्या भाजीच्या पिशवीतूनच त्या यायच्या. काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात चार वांगी ठेवायचात आणि उरलेल्या काड्या छपराच्या वाशात खोचायचात. माझ्या ओळखीत इतक्या नाजूक हाताने काम करणारा दुसरा माणूस नव्हता. आणि मी तुम्हाला, तोंडावर, भित्रे म्हटलं होतं.

ते सांगते.

अकोल्याला सभा होती. निघायच्या आधी पाहिलं तर मुठीजवळच्या डबीतलं ब्रेक ऑइल खुणेच्या खाली गेलेलं. तुमचं गॅरेज उघडायला अवकाश होता. घरात इंजिनच्या ऑइलची अर्धी बाटली होती. ऑइल ते ऑइल, म्हटलं. ओतलं, झाकण लावलं, गेले आणि आले. काही झालं नाही. मी ते विसरूनही गेले.

दहा-बारा दिवसांनी मूर्तिजापूरच्या पुढे समोरचं चाक जड व्हायला लागलं. मला वाटलं वारा आहे. मग जळका वास आला. मी मूठ सोडलेली होती तरी ब्रेक सुटत नव्हता, डिस्क तापून निळी पडली होती, आणि पुढच्या वळणावर ब्रेकने चाक धरलंच, मी रस्त्यावर फेकले गेले. कोपर मोडलं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहायला आहे.

तुम्ही टेम्पोतून गाडी आणलीत, कॅलिपर खोललंत. मी प्लॅस्टरचा हात गळ्यात घेऊन समोर स्टुलावर बसले होते. सीलं बाहेर काढलीत तेव्हा ती भिजलेल्या पापडासारखी फुगलेली होती. खाचेत मावत नव्हती. तुम्ही एक सील दोन बोटांत धरून दाबलंत, वास घेतलात.

"याच्यात काही टाकलं का तू?"

"नाही."

"डब्बीत?"

"नाही, भाऊ."

"बरं."

मी खोटं का बोलले? मला तेव्हा माहीत नव्हतं की त्या अर्ध्या बाटलीनेच हे केलंय. मला एवढंच आठवत होतं की 'मला न विचारता डबी उघडू नको' असं तुम्ही दहादा बजावलं होतं, आणि मोडक्या हाताने मला बोलणी खायची नव्हती. शाळेतल्या पोरीसारखं खोटं. तेवढ्यावर राहिलं असतं तर गेलंही असतं.

पण ती सीलं दोनच महिन्यांपूर्वी बसवलेली होती, आणि तुम्ही ती अकोल्याच्या तुमच्या नेहमीच्या शेठकडून आणली होती. माझा हात मोडलेला, माझं डोकं तापलेलं, माझ्या बापाकडे छापखाना. मी दोन दिवसांत पत्रक लिहिलं. मथळा होता, 'अकोल्याच्या बाजारात मरण विकत मिळतं'. बनावट सुट्या भागांवर लिहिलं ते खरंच होतं, तो बाजार आहे. पण खाली दुकानाचं नाव होतं आणि शेठचं नाव होतं, जाड टायपात. बाबांनी विचारलं, "खात्री आहे?" मी प्लॅस्टर दाखवलं.

तुम्हाला प्रूफ दाखवायला आणलं तेव्हा तुम्ही उभं राहून वाचलंत. बसला नाहीत.

"नको छापू. त्याचा माल बरोबर हाय."

"मग सील फुगलं कसं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तूच सांग."

मला ते टोलवणं वाटलं. मी म्हणाले, तुमची शेठशी दोस्ती आहे, म्हणून तुमची जीभ जड झाली आहे. तुम्ही म्हणालात, नाव छापायच्या आधी एकदा त्या माणसाच्या दुकानात जाऊन बस. मी म्हणाले, बसलं की भीड पडते. तुम्ही म्हणालात, "पडू दे ना. भीड पडली तं काय मरशीन?" मी म्हणाले, भीड पडणाऱ्यांमुळेच हा देश असा आहे. आणि मग मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही भित्रे आहात."

तुम्ही माझं प्रूफ घडी करून परत दिलंत. "हात संभाळून जाय," म्हणालात.

पत्रक वाटलं गेलं. अकोल्यात आणि अमरावतीत, दोन्ही शहरांत. तुमच्या अवजारांखाली ते मी कधी अंथरलेलं पाहिलं नाही.

मला खरं कळलं ते त्याच्या आठ महिन्यांनंतर, तुमच्याच छपराखाली. कोणा शिक्षकाची गाडी आली होती, समोरचं चाक जाम. मी पलीकडे माझी साखळी साफ करत होते. तुम्ही मला हाक मारलीत. तशी हाक तुम्ही एरवी कामाच्या मध्ये मारत नव्हता. तळहातावर फुगलेलं सील होतं.

"पाह्य. इंजिनचं ऑइल टाकलं यायनं. ब्रेकच्या रबराले थे चालत नाई. आठ-पंधरा रोजात असं फुगते, मंग पिस्टन वापस जातच नाई. डब्बीच्या झाकनावर लिवलेलं असते, कोनी वाचत नाई."

तुम्ही हे सगळं त्या सीलकडे बघून बोललात. माझ्याकडे एकदाही नाही. मग हात तसाच पुढे धरून उभे राहिलात. शिक्षक लाजून हसत होते. मला ती अर्धी बाटली दिसली, झाकण दिसलं, ओतणारा माझा हात दिसला.

"काई म्हनतं का?" तुम्ही विचारलंत.

"नाही," मी म्हणाले.

"बरं."

दुसऱ्यांदा. पहिलं खोटं अजाणतेपणाचं होतं असं मी स्वतःला समजावू शकते. दुसऱ्याचं काय करू? त्यानंतर मी सव्वा वर्ष तुमच्याकडे येत राहिले. मुठी दाबल्या, वांगी नेली, चौदा तरी पत्रकं लिहिली, त्यातली तीन सत्याच्या आग्रहावर. दर वेळी ठरवायचे, आज सांगू. तुम्ही "धर" म्हणायचात, मी "धरलं" म्हणायचे, तुम्ही "सोड" म्हणायचात, आणि मी घरी जायचे. माझ्या मनात एक हिशोबी, घाणेरडा विचार होता, तो लिहून टाकते. शेठचं दुकान चालूच होतं. म्हणजे फार काही बिघडलं नव्हतं. मग आता उकरून काय करायचं?

तेरवीला मी येणार नव्हते. तेरवीचं जेवण मी जेवत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. त्यावरूनही आपलं वाजलेलं आहे. पण वहिनींचा फोन आला, "तू नको जेवू, पन ये." म्हणून भातकुलीला आले. कोथिंबिरीच्या वाफ्यांजवळ मांडव होता. वहिनी मला मागच्या ओट्यावर घेऊन बसल्या. त्या रडत नव्हत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून मनातल्या मनात नावं ताडून पाहत होत्या.

"अकोल्याचे शेठ काहून नाई आले वं? निरोप तं धाडला होता."

"त्यांचा काय संबंध, वहिनी?" मी विचारलं.

"काय संबंध म्हनतं? दर महिन्याले जात हे त्यायच्याकडं. बसनं. मी म्हनो, अमरावतीत दुकानं मेली का? तं म्हनत, जाऊ दे, तेवढंच फिरनं होते."

माझ्या पत्रकानंतर अमरावतीच्या बऱ्याच मेकॅनिकांनी त्या दुकानाकडे पाठ फिरवली होती. मी ते अभिमानाने ऐकलं होतं. तुम्ही मात्र दर महिन्याला बसने अकोल्याला जात होता, आणि मला त्यातलं अवाक्षर बोलला नव्हतात.

दुसऱ्या दिवशी मीही बसने गेले. गाडीच्या ब्रेकमधली हवा अजून तशीच होती.

शेठचं नाव इथे लिहीत नाही. जिथे लिहायला हवं होतं तिथे पुन्हा लिहिलं आहे. अरुंद दुकान, छतापर्यंत खोकी, समोर काचेचा काउंटर. शेठ साठीचे, कानावर पेन, स्वेटरची बटणं खालीवर लागलेली.

"बोला मॅडम, काय पाह्यजे?"

"ते पत्रक मी लिहिलं होतं."

त्यांनी काउंटरच्या काचेकडे बोट केलं. काचेखाली, देवाचा फोटो आणि बिअरिंगच्या मापांचा तक्ता यांच्या मध्ये, ते होतं. पिवळा कागद, जाड टाइप.

"हे?"

"हो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मले वाटे कोनी मोठा मानूस असन."

मी उभ्यानेच सांगितलं. डबी, बाटली, कोपर, तुमचा प्रश्न, माझं 'नाही'. पुढचं आठ महिन्यांनंतरचं 'नाही'ही सांगितलं. ते मध्ये एकदाच बोलले.

"इंजिनचं ऑइल? ब्रेकमंधी?"

"हो."

"येवढी शिकलेली बाई."

"हो."

एक गिऱ्हाईक आलं, केबल घेऊन गेलं. शेठनी पैसे गल्ल्यात टाकले. मग विचारलं, "वासुदेवनं सीलं पाह्यली होती?"

"पाहिली होती."

"मंग त्याले त्याच रोजी समजलं असन."

"समजलं होतं."

ते स्टुलावर बसले. पेन कानावरून काढलं, परत लावलं.

"मी समजलो, त्यानंच तुमचे कान भरले. फिटिंग चुकली असन, अन् आपली गलती माह्या मालावर ढकलली. दोन साल येच समजून होतो मी." त्यांनी पुढच्या मोकळ्या जागेकडे हात केला. "तिथं उभा राहे. पयले हा मानूस आला की मी चहा सांगो, दोघं बसो, तासभर भांडो. मंग दोन साल मी त्याले बस म्हनलं नाई. उन्हाळ्यात बी नाई. माल काढून देल्ला, जाय. मी म्हनो, शरम वाटते याले, म्हनून येते."

"ते काहीच म्हणाले नाहीत?"

"एक रोज मीच बोललो. म्हनलं, तुह्यामुळं माह्यं नाव रस्त्यावर गेलं वासुदेव. तं म्हने, 'हाव, गेलं खरं.' बस. इतलंच. पिशवी उचलली अन् गेला."

भाऊ, मला तिथे तुमचा राग आला. आत्ताही आहे. हे तुम्ही बरोबर केलं नाहीत. माझं खोटं झाकायला तुम्ही दुसऱ्या माणसाला अंधारात ठेवलंत. त्या माणसाने आपल्या दोस्ताला दोन वर्षं उभं ठेवलं, आणि आता त्याला ते आयुष्यभर आठवणार. याला मी चांगुलपणा म्हणणार नाही. तुम्ही माझी मानगूट धरून मला त्या काउंटरपुढे उभं करायला हवं होतं. तुम्ही मला ओरखडा पडेल म्हणून ओढलं नाहीत, हे मला कळतं. पण मी लोखंड नव्हते, भाऊ. थोडा ओरखडा मला चालला असता. हे सगळं मी बसमध्ये तुम्हाला मनातल्या मनात ऐकवत होते, मुद्द्याला मुद्दा जोडून. बोरगावच्या थांब्यावर माझे मुद्दे संपले. तुम्ही उत्तर देणार नाही म्हणूनच मला इतकं बोलता येत होतं.

पण ते नंतर. दुकानात मी शेठना म्हणाले, "मला माफ—"

"माफीबिफी नको." त्यांनी हाताने अडवलं. "त्याचं मी काय करू? कागद काढा. तवा जितले वाटले तितलेच. येच कागद, येच साईज. माह्यं नाव जितल्या मोठ्या टायपात होतं, तुमचं बी तितल्याच."

"काढते."

"अन् वासुदेवचं बी लिहा. त्यानं सांगतलं होतं नको छापू म्हनून, हे लिहा." मग ते खाली काचेकडे बघून म्हणाले, "तेरवीचा निरोप आला होता मले. म्हनलं, दुकान सोडून नाई येता येत. रविवार होता. दुकान बंद होतं."

त्यांनी मला बस म्हटलं नाही. मीही वाट पाहिली नाही.

रात्रीची वाट न बघता संध्याकाळीच लिहायला बसले. मला वाटलं होतं फार वेळ लागेल. अर्ध्या तासात झालं. मी काय ओतलं, मला काय विचारलं गेलं, मी काय उत्तर दिलं, कोणी मला अडवलं, मी कोणाचं नाव खराब केलं. बाबांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवून जवळून वाचलं. मीच विचारलं.

"शुद्धलेखन?"

"ठीक आहे." त्यांनी पुन्हा वाचलं. "यात एकही विशेषण नाही."

"सुचलं नाही."

"नको मग." त्यांनी स्वतः मशीन लावलं. माझं नाव सगळ्यात मोठ्या टायपात होतं. ते त्यांनी कमी केलं नाही, आणि मला वाटत होतं ते करतील. कागद सुकायला टाकताना म्हणाले, "मी तेव्हा प्लॅस्टर बघून छापलं. माझीही चूक लिही ना एक ओळ." मी म्हणाले, तुम्ही वेगळं पत्रक काढा. ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

अकोल्यात पत्रकं परवा वाटली. सुट्या भागांच्या सगळ्या दुकानांतून गेले. काहींनी घेऊन न वाचता बाजूला ठेवलं, एकाने "आता कायले?" असं विचारलं, एकजण फार लागेल असं बोलला आणि ते बोलणं त्याच्या हक्काचं होतं. शेठच्या दुकानात आठ-दहा प्रती ठेवल्या. त्यांनी एक उचलली, काच वर केली, जुन्या पत्रकाच्या शेजारी सरकवली. जुनं काढलं नाही.

काल अमरावतीत. पूर्वी पत्रकं वाटायला आम्ही सात-आठ जण असायचो, घोषणा, हसणं, कोणीतरी भजी आणायचं. या वेळी मी कोणाला बोलावलं नाही. चौकात सिग्नलपाशी गठ्ठा घेऊन उभी राहिले. ऊन चढत होतं. सवयीने तोंडात घोषणा येत होती, पण या पत्रकाला घोषणा नव्हती. मी नुसती कागद पुढे करत होते. लोकांना वाटत होतं क्लासची जाहिरात आहे.

एका मोटरसायकलवाल्याने थांबल्या थांबल्या हात पुढे केला. हँडलला दुधाच्या दोन कॅन अडकवलेल्या.

"कोनाच्या विरोधात हाय, ताई?"

"माझ्या."

तो हसला. मग मथळा वाचला, त्याखालचं नाव वाचलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"थ्या तुमीच का?"

"मीच."

दिवा हिरवा झाला होता. मागचे हॉर्न मारायला लागले. त्याने कागद परत दिला नाही. घाई न करता त्याची चौघडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि गेला. गठ्ठा अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होता. मी पुढच्या माणसाकडे वळले.